केलॉइडच्या पेशी सिरमशिवाय का वाढवायच्या?

कातळफूल

कान टोचल्यावर येणाऱ्या गाठींच्या धाग्यावर बुगडीने विचारलं होतं, "कापली तरी परत का येते, आणि इतकी वर्षं संशोधन चालू असून धड औषध का सापडत नाही?" उत्तर लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढते. मी पेशी वाढवण्याचं, म्हणजे कल्चरचं काम करते. आधी मुंबईत करायचे, आता रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात. केलॉइडचे फायब्रोब्लास्ट, म्हणजे कातडीला आतून बांधून धरणारे धागे विणणाऱ्या पेशी, हा माझा विषय.

आधी केलॉइड म्हणजे काय ते थोडक्यात. जखम भरताना कातडीच्या आतल्या थरातले फायब्रोब्लास्ट कोलॅजन नावाचं धाग्यासारखं प्रथिन तयार करतात, जखम बुजते, काही महिन्यांत त्यांचं काम मंदावतं आणि वण सपाट होतो. काही जणांत ते थांबतच नाहीत. वण मूळ जखमेची हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीत शिरतो, खाजतो, दुखतो. हद्दीच्या आत राहून जाड झालेला वण वेगळा. त्याला हायपरट्रॉफिक म्हणतात आणि तो पुष्कळदा हळूहळू आपसूक बसतो. केलॉइड सहसा बसत नाही. कानाची पाळी, बुगडीचं भोक, दंडावरची बीसीजीची खूण, छातीवर पुटकुळ्या येऊन गेल्याची जागा, ही नेहमीची ठिकाणं. काजू कारखान्यात टरफलातलं तेल उडून भाजलेल्या बायकांच्या हातावर आणि बिब्बा लावून भाजून घेतलेल्या जागीही मी ते पाहिलेत.

संशोधनातली पहिली अडचण ही, की केलॉइड माणसालाच होतो. उंदराला किंवा सशाला जखम केली तर वण येतो, पण हद्द ओलांडून वाढत जाणारी गाठ येत नाही. त्यामुळे औषध तपासायचं तर रुग्णाच्या गाठीतल्या पेशी काढून बशीत वाढवणं हाच मुख्य रस्ता उरतो. आणि इथेच सिरम आडवं येतं.

१९५८ च्या सुमारास थिओडोर पक यांनी गाईच्या पोटातल्या वासराचं सिरम पेशींना खुराक म्हणून वापरलं, आणि पुढे तीच जगभरची रीत झाली. मीडियात, म्हणजे पेशी ज्या पातळ खुराकात वाढवतात त्यात, १० टक्के सिरम घालायचं, पेशी वाढतात. का वाढतात ते विचारायचं नाही.

पण सिरम म्हणजे काय ते बघा. रक्त नळीत घेतलं, गोठू दिलं, गुठळी काढून टाकली की उरतं ते पिवळसर पाणी म्हणजे सिरम. गोठूच दिलं नाही आणि नुसत्या रक्तपेशी बाजूला केल्या, तर उरतो तो प्लाझ्मा. दोन्हींत मुख्य फरक गोठण्याचा. रक्त गोठताना प्लेटलेट्स आपल्या पोटातले वाढीचे घटक बाहेर टाकतात. पीडीजीएफ त्यातलाच, टीजीएफ-बीटाही त्यातलाच. आता शरीरात रक्त गोठतं कधी? जखम झाली की. धडधाकट कातडीतल्या फायब्रोब्लास्टला प्लाझ्म्यातून झिरपलेलं पाणी मिळतं, सिरम नाही. सिरम लागलं म्हणजे त्याच्या लेखी कातडी फाटली.

हे माझं कल्पनाचित्र नाही. १९९९ मध्ये स्टॅनफर्डला पॅट्रिक ब्राउन यांच्या प्रयोगशाळेत विश्वनाथ अय्यर आणि सहकाऱ्यांनी, सिरम तोडून शांत केलेल्या फायब्रोब्लास्टना पुन्हा सिरम दिलं आणि सुमारे ८,६०० जनुकांची हालचाल तासागणिक टिपली. पेशी विभाजनाची जनुकं जागी होणार हे ठाऊकच होतं. पण त्यांच्या जोडीने रक्त गोठणं, सूज, नव्या रक्तवाहिन्या आणि कातडी सांधणं यांच्याशी संबंधित जनुकंही उठली. जखम भरण्याचा अख्खा कार्यक्रमच सुरू झाला होता.

म्हणजे वण का वाढतो हे शोधायला आपण बसतो, आणि तुलनेला घेतलेल्या निरोगी पेशीही जखमेच्या पाण्यात बुडवून ठेवतो. मग फरक दिसणार कुठून?

तो दिसत नाहीच. शर्ली रसेल आणि सहकाऱ्यांचा १९८८ चा शोधनिबंध मी विद्यार्थ्यांना पहिल्याच महिन्यात वाचायला लावते. १० टक्के सिरममध्ये केलॉइडच्या आणि साध्या कातडीच्या पेशी सारख्याच वाढल्या. सिरम १ टक्क्यावर आणलं, किंवा सिरमऐवजी ५ टक्के प्लाझ्मा दिला, तेव्हा साध्या पेशी मागे पडल्या आणि केलॉइडच्या पेशी कितीतरी दाट वाढल्या. साध्या वणातून काढलेल्या पेशीही मागेच पडल्या होत्या. म्हणजे केलॉइडच्या पेशीला बाहेरून 'वाढ' असं सांगावं लागत नाही. आजार नेमका हाच आहे, आणि भरपूर सिरम ओतलं की तोच झाकला जातो.

पुढे १९९७ मध्ये स्टॅनफर्डच्याच कान-नाक-घसा विभागातल्या संशोधकांनी केलॉइडचे फायब्रोब्लास्ट पूर्णपणे सिरमविरहित मीडियात वाढवून दाखवले. तरीही आज अनेक शोधनिबंध उघडा, पद्धतीच्या परिच्छेदात '१० टक्के सिरम' असतंच. याचं मला मनापासून वाईट वाटतं. बशीत गुणकारी ठरलेलं औषध रुग्णाच्या कानावर नापास होतं, त्यामागे हेही एक कारण आहे असं माझं मत आहे.

बुगडी

ताई, इतकं सविस्तर लिहिलंस, खूप आभार. माझी गाठ कापून झाली आणि पहिल्यापेक्षा मोठी होऊन परत आली. तेव्हा घरच्यांनी "तूच हात लावत असशील" म्हणून मलाच बोल लावला होता. पेशीलाच थांबायचं कळत नाही हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. एक विचारू? सिरम नाही तर मग त्या पेशी जगतात कशावर?

हापूसवाला देवगड

मी बागायतदार, तुमच्या शास्त्रातलं मला काही कळत नाही. पण कलमाला शेणखत घातलं तर ते वाढतं, आणि कशाने वाढलं हे कोणी सांगू शकत नाही. माती तपासून नत्र, स्फुरद, पालाश मोजून दिलं, तर काय कमी पडलं ते पानावर दिसतं. तसंच का हे?

कातळफूल

@हापूसवाला देवगड, अगदी तसंच दादा. शिवाय शेणखताची प्रत्येक गाडी वेगळी असते, तशी सिरमची प्रत्येक बॅच वेगळी. एक बॅच संपून दुसरी लावली की त्याच पेशी वेगळ्या वागायला लागतात.

@बुगडी, घरच्यांना हा धागा वाचायला दे. हात लावल्याने केलॉइड होत नाही.

आता खुराकाचं. साखर, क्षार, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं मूळ मीडियात असतातच. सिरमच्या जागी मोजून घालायच्या त्या वस्तू थोड्या आहेत. इन्शुलिन, लोह पोचवणारं ट्रान्सफेरिन, आणि अगदी कणभर सेलेनियम, ही तिघं बाजारात एकत्रच मिळतात. त्यावर गरजेप्रमाणे एफजीएफ किंवा ईजीएफ, हेही वाढीचे घटकच. १९७६ मध्ये हायाशी आणि गॉर्डन साटो यांनी सिरमऐवजी मोजकी हार्मोन्स देऊन पेशी वाढतात हे दाखवलं, तिथून ही वाट सुरू झाली.

केलॉइडसाठी मात्र यातली प्रत्येक वस्तू विचार करून घालावी लागते. इन्शुलिनचंच घ्या. मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम हे नेहमीचं प्रमाण. शरीरात असतं त्याच्या कितीतरी पट आहे हे, आणि इतक्या मात्रेत ते आयजीएफ या वाढीच्या घटकाचा निरोप घेणाऱ्या पेशीवरच्या रिसेप्टरवरही काम करतं. म्हणजे तोही वाढीचा एक हुकूमच झाला. हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड तर अनेक तयार मीडियात आधीच असतं. पण केलॉइडचं मुख्य औषध स्टेरॉइडच आहे! रसेल यांच्या त्याच कामात हायड्रोकॉर्टिसोनने साध्या पेशींची वाढ वाढली, केलॉइडच्या पेशींची वाढली नाही, काहींची उलट दबली. त्यामुळे बाटलीवर 'सिरमविरहित' लिहिलंय म्हणून डोळे मिटून वापरू नका. आत काय काय आहे ते वाचा. कंपनी घटक सांगत नसेल तर तो मीडिया या कामाचा नाही.

आणि क जीवनसत्त्व. हे विसरलं की सगळा प्रयोग वाया. कोलॅजनची साखळी पक्की विणली जायला ते लागतंच, आणि डीएमईएम या नेहमीच्या मीडियात ते नसतं. साधं अॅस्कॉर्बिक आम्ल इन्क्युबेटरच्या उबेत लवकर नासतं, म्हणून आम्ही त्याचं फॉस्फेट रूप वापरतो.

सिरम नसल्याचा आणखी एक फायदा मोजमापात होतो. पेशींनी मीडियात किती कोलॅजन सोडलं, किती टीजीएफ-बीटा सोडला, हे मोजायचं असतं. सिरममध्ये आधीच टीजीएफ-बीटा असेल तर पेशीचा कुठला आणि वासराचा कुठला, हे ओळखायचं कसं?

प्रयोगवही

मी पुण्यात पीएचडी करतोय, विषय जवळचाच. ताई, माझा अनुभव असा की सिरमविरहित मीडियात पेशी पहिल्यांदा छान दिसतात. एका फ्लास्कमधून दुसऱ्यात नेल्या की घोळ होतो. निम्म्या चिकटतच नाहीत, तरंगत राहतात, दुसऱ्या दिवशी गुठळ्या. गाइड म्हणतात सरळ सिरम घाल. काय करू?

कातळफूल

@प्रयोगवही, सिरम परत घालू नकोस, आधी ट्रिप्सिनकडे बघ. पेशी सुट्या करायला आपण ट्रिप्सिन, म्हणजे प्रथिनं तोडणारं विकर, घालतो. नेहमीच्या पद्धतीत नंतर सिरमवाला मीडिया ओतला की सिरममधली प्रथिनं ट्रिप्सिनला तिथल्या तिथे निष्प्रभ करतात. तुझ्याकडे ती प्रथिनंच नाहीत. ट्रिप्सिन काम करतच राहतं आणि पेशीच्या अंगावरची पकड घेणारी प्रथिनं कुरतडतं. सोयाबीनमधून काढलेलं ट्रिप्सिन इन्हिबिटर मिळतं, ते घाल, मग हलक्या हाताने सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी टाकून दे. ट्रिप्सिनही निम्म्या ताकदीचं घे. फ्लास्क मायक्रोस्कोपखाली ठेवून बघत राहा. टोकदार लांबट पेशी आखडून गोल झाल्या आणि कडा चकाकायला लागली की तिथेच थांब. सगळ्या सुटून तरंगेपर्यंत वाट पाहायची नाही.

दुसरी गोष्ट, फ्लास्कचा तळ. फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन ही चिकटायची प्रथिनं सिरममधूनच तळावर बसत असतात. ती आता आपल्याला आधी लावून घ्यावी लागतात. फायब्रोनेक्टिनचा पातळ लेप दे. आणि नेहमीपेक्षा दाट पेर, विरळ पेशी सिरमशिवाय लवकर खचतात.

अँटिबायोटिकची मात्रा कमी कर. सिरममधलं अल्ब्युमिन हे प्रथिन विषारी वस्तू थोपवून धरतं, तो बचाव आता नाही. बुरशीच्या औषधाला तर फारच जपून. मला ठाऊक आहे, पावसाळ्यात हे सांगणं सोपं आणि पाळणं कठीण. आमच्याकडे जून लागला की भिंतीला ओल, एसीच्या जाळीत बुरशी. आम्ही औषधाऐवजी सफाई वाढवली. पाण्याचा ट्रे दर आठवड्याला उकळत्या पाण्याने, हुडच्या, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटाच्या, आसपास पुठ्ठ्याचा एकही खोका नाही, आणि ओल्या छत्र्या-रेनकोट जिन्याखालीच.

मिरकरवाडा

ताई, कोकणात हे काम खरंच जमतं? लाइट तर दिवसातून कितीदा जातात!

कातळफूल

@मिरकरवाडा, जमतं. इन्क्युबेटर इन्व्हर्टरवर आहे. लाइटपेक्षा जास्त काळजी मीडियाचं आम्लपण सांभाळणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची. तो कोल्हापूरहून आंबा घाटातून येतो, आणि पावसात घाट बंद झाला की अडकतो. मीडियात फिनॉल रेड नावाचा रंग असतो. सगळं ठीक असलं की लालसर, पेशींनी आम्ल सोडलं की पिवळा. वायू संपत आला की तोच मीडिया जांभळट गुलाबी दिसायला लागतो. सकाळी दार उघडल्यावर माझी नजर पहिल्यांदा रंगावर जाते. सिरम असतं तेव्हा पेशी असा धक्का थोडाफार सोसतात, सिरमशिवाय फार कमी. म्हणून एक भरलेला सिलिंडर कायम जादा ठेवतो. पेशी गोठवून ठेवायला द्रव नायट्रोजन लागतो, उणे १९६ अंशांचा. तो मिळतो, कारण गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यांना तो लागतच असतो.

खाडीकाठ

मी प्लास्टिक सर्जन आहे, केलॉइड रोज पाहतो. धागा उत्तम, पण एक मुद्दा नोंदवतो. सिरम काढलं म्हणजे बशीतली पेशी शरीरातल्यासारखी झाली असं होत नाही. प्लास्टिकचा तळ कातडीच्या मानाने अतिशय कडक असतो, आणि नुसत्या कडकपणानेही फायब्रोब्लास्ट चेकाळतात. केलॉइड छातीवर, खांद्यावर येतो, जिथे कातडी सतत ताणली जाते. पापणीवर जवळपास येतच नाही. हा ताण तुमच्या फ्लास्कमध्ये कुठे आहे? वरच्या थरातल्या पेशी, खाज-सूज आणणाऱ्या मास्ट पेशी, रक्तवाहिन्या कुठे आहेत? गाठीच्या मध्यातल्या आणि कडेच्या पेशीही एकसारख्या वागत नाहीत.

कातळफूल

@खाडीकाठ, डॉक्टर, तुमचं म्हणणं मान्य आहे. पण माझा आग्रह क्रमाचा आहे. ताण तपासायचा, वरच्या थरातल्या पेशींचा निरोप तपासायचा, तर आधी सिरमचा गलबला बंद करायला हवा. कोलॅजनच्या मऊ जेलमध्ये पेशी वाढवणं आम्ही सुरू केलंय, तेही सिरमशिवायच. त्यात १० टक्के सिरम घातलं असतं तर जेल आकसला तो ताणामुळे की सिरममुळे, हे सांगता आलं नसतं.

कडेच्या आणि मध्यातल्या तुकड्यांना आम्ही वेगळ्या कुपीत ठेवतो, वेगळे क्रमांक देतो. त्यासाठी सर्जननी कापतानाच एका बाजूला टाक्याची खूण केलेली असली तर फार सोपं जातं. तुमच्यासारख्यांनी एवढं केलं तरी आमचं निम्मं काम होतं.

खाडीकाठ

क्रमाचा मुद्दा पटला. खुणेचा टाका घालायला काहीच अडचण नाही.

झिलगो

ताईनु, माका यातला सगळा कळला नाय, पण एक ईचारतंय. माझ्या झिलाच्या दंडार बीसीजीच्या जागेर असो गोळो इलो हा, आता सुपारीएवढो झालो. खाजता म्हणान रात्री ओरबाडता. डॉक्टरान सुई घेवक सांगल्यान, पण तो भियाता. नुसतो कापून टाकलो तर चलात काय?

खाडीकाठ

@झिलगो, नुसता कापू नका. नुसत्या शस्त्रक्रियेनंतर केलॉइड परत येण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अहवालांत ४५ ते १०० टक्के आहे, आणि कधी तो आधीपेक्षा मोठा येतो. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली सुई बहुधा ट्रायअॅमसिनोलोनची, म्हणजे गाठीत द्यायच्या स्टेरॉइडची. साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने, काही वेळा द्यावी लागते. दुखते हे खरं. आधी बर्फ लावून किंवा बधिर करायचं औषध मिसळून देता येते, तसं डॉक्टरांना सांगा. जोडीला सिलिकॉनची पट्टी, दिवसाचे बारा तास तरी, काही महिने. गाठ मऊ आणि सपाट झाली, खाज थांबली, की पोराची भीतीही जाईल. बिब्बा, चुना, काजूचं तेल असलं काहीही लावू नका. भाजलं तर नवी जखम, नवा केलॉइड.

झिलगो

आजयेन चुनो लावूक सांगलेलो, बरा झाला ईचारलंय. देव बरा करो डॉक्टर.

मिरकरवाडा

मनात आलं ते विचारतो. गाईच्या पोटातल्या वासराचं रक्त म्हणजे नेमकं कसं काढतात?

कातळफूल

@मिरकरवाडा, कत्तलखान्यात आलेली गाय गाभण निघाली तर तिच्या पोटातल्या वासराच्या हृदयातून सुईने रक्त काढतात. न जन्मलेल्या वासराचंच का, तर त्याच्या रक्तात प्रतिपिंडं कमी आणि वाढीचे घटक भरपूर. बहुतेक माल ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका, दक्षिण अमेरिका इथला. कॉलेजातल्या बऱ्याच मुलांना बाटलीवरचं नाव वाचून हे माहीतच नसतं. मी पहिल्या तासाला सांगते. ऐकल्यावर वर्ग गप्प होतो, आणि ते योग्यच आहे. एवढी किंमत मोजून घेतलेली वस्तू प्रयोग बिघडवत असेल तर ती न वापरण्याचं कारण दुप्पट होतं. मुदत संपलेल्या दानाच्या प्लेटलेट्समधून काढलेला अर्क काही जण सिरमऐवजी वापरतात. वासराचा प्रश्न त्याने सुटतो, पण तो अर्क प्लेटलेट्सचाच, म्हणजे जखमेचा निरोप आणखी ठळक. केलॉइडसाठी तो उपयोगाचा नाही.

बुगडी

ताई, माझी गाठ दिवाळीनंतर पुन्हा काढायची ठरलंय, या वेळी नंतर इंजेक्शनं आणि दाबाची क्लिप, दोन्ही. ती गाठ तुमच्या कामाला देता येईल का? मी कुडाळला असते.

कातळफूल

@बुगडी, येईल. एरवी ती पिवळ्या पिशवीतून जाळायला जाते. पण आदल्या दिवशी ठरवून होत नाही हे. तुझ्या हॉस्पिटलची आणि आमच्या कॉलेजची, दोन्हीकडच्या नीतिसमित्यांची परवानगी लागते, आणि तुझं संमतीपत्र मराठीत, तू स्वतः वाचून सही केलेलं. नाव आमच्यापर्यंत येत नाही, फक्त क्रमांक, वय आणि गाठीची जागा. कधीही नको म्हणालीस तर थांबवता येतं. सर्जनना आत्ताच कल्पना दे, म्हणजे कागदपत्रांना वेळ मिळेल.

त्या दिवशी आमची विद्यार्थिनी मीडियाची निर्जंतुक कुपी आणि बर्फाचा डबा घेऊन येईल. तुकडा थंड राहिला तर पेशी दिवसभर टिकतात, मांडवी एक्स्प्रेसने दुपारपर्यंत रत्नागिरीला पोचतो. गाठीसाठी आधी घेतलेल्या इंजेक्शनांच्या तारखा तेवढ्या लिहून ठेव. स्टेरॉइड टोचलेल्या गाठीतल्या पेशी वेगळ्या वागतात, तारीख नसली तर तो नमुना तुलनेला घेता येत नाही.

बुगडी

जुन्या फाइलीत असतील. आज रात्री काढून तुला व्यक्तिगत निरोपात पाठवते.